फोनमधला दिवा

दिवाळीचे दिवे उतरले की आमच्या गोंदिया जिल्ह्यात मंडईची जत्रा लागते. लागते म्हणजे एकाच ठिकाणी नाही. प्रत्येक गावाची आपली एक मंडई, आपल्या ठरलेल्या दिवशी. शेजारपाजारची गावं आपसांत दिवस वाटून घेतात, कारण पाहुणे तेच, मिठाईवाले तेच, पाळणेवाले तेच आणि दंडारीत नाचणारी मंडळीही तीच. त्यामुळे महिनाभर कोणी ना कोणी नवं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन, एसटीची वाट बघत उभं असतं. लग्न होऊन गेलेल्या लेकी माहेरच्या मंडईला येतात. वर्षभर फोनवरसुद्धा न बोललेले साडू एकमेकांना ऊस मोडून देतात. आमच्याकडे भेटीगाठींचं असं एक पीकच असतं, आणि ते धानाबरोबरच कापणीला येतं.

यंदाही मी आमगावजवळच्या आमच्या गावी आले आहे. अंगणात टेबल टाकून बसले आहे. समोरच्या बांधीत उशिरा पिकणाऱ्या भारी धानाची कापणी चालू आहे, आणि कापलेल्या धानाचा तो ओला, किंचित गोड वास इथपर्यंत येतो आहे. डोळे बांधून कोणी हा वास मला हुंगायला दिला तरी मी जिल्हा सांगेन. उभ्या धानात, चिखल ओला असतानाच फेकलेली लाखोरी आता बोटभर वर आली आहे. वर एक पीक कापलं जातं आणि त्याच्या पायाशी दुसरं आधीच उगवलेलं असतं, कोणी नांगर धरलेला नसताना. रस्त्याच्या कडेला शिजवलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या मांडल्या आहेत. ते खाल्ले की बोटं काळी होतात आणि ती काळी बोटं लॅपटॉपवर उमटतात. माझ्या लॅपटॉपकडे बघून पुण्याच्या ऑफिसातही ओळखता येतं की ही बाई मंडईला जाऊन आली.

माझा धंदा सवयी लावण्याचा आहे. लोकांना सांगताना मी म्हणते, की फोनमधली ॲप कशी दिसावीत, कशी चालावीत हे मी ठरवते. पण ते अर्धंच सांगणं झालं. माणूस उद्या पुन्हा आला पाहिजे, परवा पुन्हा आला पाहिजे, आणि काही दिवसांनी आपण का येतो हे त्याला आठवायचीही गरज पडू नये, हे बघणं माझं खरं काम. हे काम मला चांगलं जमतं आणि ते सांगताना मी मान खाली घालत नाही. लग्नाकार्यात नात्यातल्या बायका मला कोपऱ्यात घेऊन विचारतात, की आमच्या पोरांना फोनचं वेड लावणारी ती तूच का. मी सांगते, मी नाही, ते दुसरे. पण आम्ही सगळे शिकलो एकाच शाळेत. त्यावर त्या हसतात, पण पोराचा फोन त्या क्षणापुरता माझ्यापासून लांब ठेवतात.

सवय म्हटलं की लोकांना व्यसनच आठवतं. मला तुळशीपुढचा दिवाही आठवतो. दात घासणं, घरात शिरताना पायावर पाणी घेणं, जेवताना पहिला घास बाजूला काढून ठेवणं, हे सगळं कोणीतरी कधीतरी ठरवूनच लावलेलं आहे. त्या माणसांची नावं आपल्याला माहीत नाहीत, म्हणून आपण त्याला संस्कार म्हणतो. माझं नाव पगारपत्रकावर आहे, म्हणून माझ्या कामाला चलाखी म्हणतात. मला हा भेद कधी पटलेला नाही. फरक दुसरीकडे कुठेतरी आहे, आणि तो मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही. तो मागच्या वर्षीच्या मंडईत सापडला, म्हणून तो हंगाम मी विसरत नाही.

पण त्याही आधी मामाचं सांगायला हवं. आईचा धाकटा भाऊ, नवेगाव बांधजवळच्या गावचा. आता त्याची पिठाची चक्की आहे, पण माझ्या लहानपणी मंडईच्या महिन्यात तो रिंगांचं दुकान लावायचा. जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर ओळीने मांडलेल्या वस्तू, आणि पुढे दोरी. दोरीच्या अलीकडे उभं राहून लाकडी रिंग फेकायची, वस्तूभोवती पूर्ण पडली तर वस्तू आपली. दिवाळीच्या सुट्टीत मी मामाबरोबर गावोगाव फिरायचे. पडलेल्या रिंगा गोळा करून आणणं माझ्याकडे होतं. मामा हिंदीत ओरडायचा, आओ भई, रिंग डालो, साबुन ले जाओ, आणि मराठीत माझ्याशी बोलायचा. हिंदी गिऱ्हाइकासाठी होती आणि मराठीत धंद्यातली गुपितं असायची.

मामा काही साधा भोळा माणूस नव्हता. पुढच्या ओळीत साबणाच्या वड्या, त्या सहज मिळायच्या. मागच्या ओळीत चकाकतं घड्याळ, आणि ते ज्या ठोकळ्यावर ठेवलेलं असे तो ठोकळा रिंगेपेक्षा केसभरच लहान. रिंग बसायची त्याच्याभोवती, बसतच नव्हती असं नाही, पण अगदी सरळ वरून पडली तरच. बहुतेक वेळा ती एका कडेवर टेकून राहायची. बघणारे हळहळायचे आणि फेकणारा दुसरी रिंग मागायचा. मामाने मला सांगितलं होतं, की हरलेला माणूस घरी जातो आणि जिंकलेलाही घरी जातो. थोडक्यात हुकलेला तेवढा जात नाही. पुढे मोठमोठ्या लोकांनी मोठमोठ्या पडद्यांवर मला हेच शिकवलं, तेव्हा मला मामाच्या ताडपत्रीचा वास यायचा.

एका मंडईत एक माणूस दुपारपासून त्या घड्याळासाठी उभा होता. त्याची बायको थोडी मागे, खांद्यावर ऊस टेकवून, दुसऱ्या हातात चिवड्याचा पुडा धरून उभी. तिला दंडार बघायची होती. ती काही बोलत नव्हती, पण ढोलकी वाजली की तिची मान तिकडे वळायची. मला तिच्याबद्दल काय वाटलं हे आठवायचा मी खूप प्रयत्न करते. काहीही वाटलं नव्हतं. मी लहान होते आणि रिंगा गोळा करण्यात दंग होते. पण तिचा चेहरा राहिला आहे, म्हणजे आत कुठेतरी नोंद झालीच असणार.

मग ऊन उतरलं आणि मामाने ताडपत्री गुंडाळली. त्याला त्या बाईची दया आली म्हणून नव्हे. मंडईचं ते असतंच. दंडार रंगात आली की सगळ्यांनी दुकानं आवरायची, अंधार पडायच्या आत मैदान मोकळं करायचं, कारण उद्या त्याच मैदानावर गावाचं धान येऊन पडणार असतं. माणूस हातातली शेवटची रिंग टाकून बायकोबरोबर निघून गेला. दुसऱ्या दिवशी मामा दुसऱ्या गावी होता आणि तो माणूस आपल्या शेतात. मामाच्या पाठोपाठ तो येऊ शकत नव्हता आणि मामाही त्याच्या घरात शिरू शकत नव्हता. मामा किती चांगला, किती वाईट, याला फारसं महत्त्वच नव्हतं. मंडई उठते, यातच सगळ्यांचं भलं होतं.

फोन उठत नाही. हे मला मागच्या वर्षी कळलं, तेही माझ्याच घरात.

मागच्या वर्षी आमची कंपनी मोठ्या माणसांना वाचायला शिकवणारं ॲप तयार करत होती. शाळा सुटलेली, अर्ध्यात राहिलेली, अक्षरं ओळखीची वाटतात पण शब्द हाती लागत नाही अशी माणसं. माझी आई त्यांतलीच. दुसरीत असताना धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून तिची शाळा सुटली. तो धाकटा भाऊ म्हणजे रिंगवाला मामा, आणि ही गोष्ट ती त्याला अजूनही ऐकवते. पिशवीवरचं, पाटीवरचं काही वाचायचं असलं की ती चष्मा विसरल्याचं सांगते. तिला चष्माच नाही. हे ॲप माझ्या हाती आलं तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं, की याचं पहिलं गिऱ्हाईक आमच्या घरातच आहे. इतकं मनापासून मी कुठलंच काम केलेलं नाही.

प्रश्न नेहमीचाच होता. पहिले चार दिवस लोक उत्साहाने येतात, नंतर यायचे थांबतात. त्यांना रोज आणायचं कसं? बैठकीत कोणी म्हणालं, रोज आल्याबद्दल नाणं देऊ. कोणी म्हणालं, चांदणी देऊ. मी म्हटलं, दिवा देऊ. पहिल्या दिवशी धडा केला की एक पणती लागेल. रोज एक धडा केला की ती जळत राहील. दिवेलागणीपर्यंत धडा झाला नाही तर ज्योत थरथरू लागेल, फोनवर निरोप येईल की तुमचा दिवा मंद होतो आहे. आणि दिवस चुकला तर ती जाईल, मागे थोडासा धूर दिसेल. आमच्या घरांत दिव्यावर फुंकर मारत नाहीत. दिवा विझला असा शब्दसुद्धा तोंडातून काढत नाहीत. हे मला माहीत होतं आणि मी ते जाणूनबुजून वापरलं. आमचा मुख्य, समीर, खुर्चीतून उठून उभा राहिला. तो म्हणाला की हे कोणालाही सोडवणार नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

चाचणीसाठी मी आमचंच गाव सुचवलं. दिवाळी संपता संपता आईच्या फोनमध्ये, शेजारच्या बायकांच्या फोनमध्ये पणत्या लागल्या. आमच्या गावात नेटवर्क मिळतं ते फक्त तलावाच्या पाळीवर, काठाच्या उंच बांधावर, म्हणून दिवसभर धान कापून आलेल्या बाया हातपाय धुऊन पाळीवर जाऊ लागल्या. ते दृश्य फार सुंदर होतं. पाण्यावर उतरतं ऊन, पाळीवरच्या जांभळाखाली ओळीने बसलेल्या बाया, आणि प्रत्येकीच्या तोंडावर फोनचा उजेड. मी फोटो काढून पुण्याला पाठवला. तिकडून सांगितलं गेलं, की इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा आमच्या गावाचा आलेख वर आहे, एकही पणती गेलेली नाही. मी भलतीच खूश होते. वडील धान बांधायला मदत मागत होते आणि मी त्यांना आलेख दाखवत होते.

आईच्या माहेरची मंडई आठवड्यावर आली. ही मंडई आईने लग्नानंतर एकदाही चुकवलेली नाही. तिथे तिची थोरली बहीण येते, आमची मावशी. मावशीचं सासर पार जंगलाच्या अंगाला आहे आणि तिचे गुडघे गेलेले आहेत. दोघी बहिणी वर्षातून एकदा, या मंडईलाच भेटतात. एका खाटेवर बसतात, एकमेकींच्या बांगड्या चाचपून बघतात आणि कोण किती वाळली यावर वाद घालतात. मी एसटीच्या वेळा बघत होते तर आई तांदूळ निवडत शांतपणे म्हणाली, "मी नाई येत यंदा. दिवा कोन पाहीन?"

मामाच्या गावात तेव्हा नेटवर्क नव्हतं. आईने हे आधीच विचारून ठेवलं होतं.

मला आधी हसू आलं. मी तिला समजावलं. म्हटलं, आई, तो दिवा मीच बनवला आहे, तो खरा नाही, नुसतं चित्र आहे, पुण्यात बसून मी एका बोटाने तो पुन्हा लावून देईन. आईने सूप खाली ठेवलं. ती रागावली नव्हती, मला एखादी साधी गोष्ट कशी कळत नाही याचं तिला नवल वाटत होतं.

"पणती कुंभारच बनवते," ती म्हणाली. "मंग लावलेल्या दिव्याले त्यानं फुंकर मारली त चालन का?"

वस्तू आपल्या हातून सुटते, दुसऱ्याच्या घरात जाते, तिथे तिला वेगळाच अर्थ येतो, आणि तो अर्थ काढून घ्यायचा हक्क बनवणाऱ्याला राहत नाही. आमच्या धंद्यात आम्ही कायम म्हणतो, की नाही आवडलं तर बंद करावं, कोणी धरून ठेवलं आहे? आईला कोणीच धरलेलं नव्हतं. ज्योतीच्या एका थरथरीपायी ती जागची हलत नव्हती.

मार्ग काढला तो शेजारच्या रेखावहिनीने. ती दहावी झालेली आहे, हौसेने पणती लावून बसली होती. तिने सांगितलं, काकी, तुम्ही जा, तुमचा दिवा मी पाहते. आईने फोन रुमालात बांधून तिच्या हाती दिला, दोन-दोनदा सूचना दिल्या, आणि आम्ही निघालो. एसटी बदलत बदलत, सागाच्या मोठमोठ्या पानांमधून, नवेगावच्या तलावाचं पाणी खिडकीतून एकदा दिसेपर्यंत, आईचा हात पुन्हा पुन्हा कमरेच्या पिशवीकडे जात होता. पिशवी रिकामी होती.

मंडई नेहमीसारखी भरली होती. जिलेबीचा धूर, पिपाण्या, मोरपिसांच्या काठ्या घेऊन नाचणारी गोवारी माणसं, उसाच्या चोयट्यांनी भरलेली वाट. मावशी काठी टेकत, माझा दंड धरून, सगळं बघत होती. आईने वाटेत तिला सगळं सांगून टाकलं होतं, पोरीने फोनमध्ये शाळा बनवली, मी रोज शिकते. मावशीच्या चेहऱ्यावर जसा अभिमान होता तसा माझ्या डिग्रीच्या वेळी माझ्या वाट्याला आला नव्हता. दंडारीच्या मांडवाजवळ कापडाची एक मोठी पाटी लावली होती. मावशी थांबली. तिने काठीने पाटीकडे दाखवलं.

"इंदू, तू शिकून राहिली म्हनते ना? वाच बरं, काय लिवलं आहे त."

आई पाटीकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले. पहिलं अक्षर लागलं, दुसऱ्याला ती अडखळली, पुन्हा पहिल्याकडे आली. मागची माणसं आम्हाला वळसा घालून पुढे जात होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण मी वाचून दाखवलं असतं तर ते आणखी वाईट झालं असतं. शेवटी आईने पदर सारखा केला.

"दिवा त रोज जळून राहिला, बाई," ती म्हणाली.

आई खोटं बोलत नव्हती. माझ्या दिव्याने तिला सांगितलं होतं, की तू शिकते आहेस, आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. मावशीने काही ताणलं नाही. ती एवढंच म्हणाली, की पुढच्या मंडईला वाचून दाखव, तोवर मी काही मरत नाही. मग दोघी खाटेवर जाऊन बसल्या आणि बांगड्यांची तपासणी सुरू झाली.

परत आल्यावर मी फोन घ्यायला पाळीवर गेले. जांभळाखाली रेखावहिनी एकटीच बसली होती. पुढ्यात सूप, आणि सुपात पाच-सहा फोन मांडलेले. ती एक उचलायची, भराभर धडा पुरा करायची, ज्योत नीट झाली बघून खाली ठेवायची आणि दुसरा घ्यायची. मला बघून तिला काही वावगं वाटलं नाही. एक बाई मंडईला गेली होती, एक बाळंतिणीजवळ बसली होती, बाकीच्या बांधीत होत्या.

"काकी माह्या कापणीले येतेत," ती म्हणाली, "मंग त्यायच्या दिव्याले मी येऊ नोको का?"

ही इर्जिक होती. आज सगळ्यांनी मिळून तुझं धान कापायचं, उद्या माझं. शेकडो वर्षांची चांगली सवय, आणि गावाने ती माझ्या दिव्याला लावली होती. माझ्या सवयीपेक्षा त्यांची जुनी आणि बळकट होती, म्हणून तिने माझी सहज गिळली. पुण्यात आलेख वर जात होता आणि इथे दहावी झालेली एक सून सगळ्या गावाचे धडे करत होती. मी तिथेच पाळीवर बसले आणि खूप हसले. रेखावहिनीही हसली, कशाला ते न कळता. मग मी आईचा फोन उघडून बघितला. ती स्वतः धडा करायची त्या दिवसांतही पहिलाच धडा पुन्हा पुन्हा केलेला होता. कमळ, नळ, बदक. तो तिला पाठ होता. अवघड धड्यात चुकलं तर, दिवा गेला तर, या भीतीने ती पुढे सरकलीच नव्हती.

फरक असा माझ्या हाती लागला. तुळशीचा दिवा लावायला आई रोज जाते आणि एखाद्या दिवशी गेली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. त्या दिव्याला वात संपली की शांत होण्याची मुभा आहे. तो तिच्या मागे लागत नाही. तिला माहेराहून ओढून आणत नाही. माझा दिवा तिला धाक घालत होता, आणि धाकाने माणूस धाकापुरतंच करतो. सवय लावण्यात वाईट काही नाही हे मी आजही म्हणते, आणि ठासून म्हणते. पण जिच्यासाठी ती लावली ती गोष्टच सवयीने खाल्ली, तर ते काम फसलं. आलेख काहीही सांगो.

समीरशी फोनवर बोलले, तेही पाळीवर उभं राहून. मी त्याला सुपाची गोष्ट सांगितली. तो आधी माझ्यासारखाच हसला, मग त्याने अडचण मांडली. भीती नसेल तर लोक येणार नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. मी म्हटलं, भीतीने आलेला माणूस दिवा सांभाळतो, वाचत नाही. तो म्हणाला, आकडे पडतील. मी म्हटलं, पडू देत, आत्ता जे उभे आहेत ते रेखावहिनीच्या अंगठ्यावर उभे आहेत. समीर वाईट माणूस नाही. उन्हाळ्यापर्यंत तुझ्या पद्धतीने करून बघ, असं तो म्हणाला.

मी दिवा काढला. एक धडा जमला की तोच पुन्हा करून काही मिळणार नाही, पुढचाच उघडेल, असं केलं. आणि एक धडा झाला की ॲप म्हणेल, आज पुरे, आणि आपणहून मिटेल. गुंडाळलेल्या ताडपत्रीवरूनच सुचलं ते, मामाला मी तसं सांगितलंही. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे.

आकडे पडले. आमच्या गावाचा आलेख तर असा कोसळला, की बैठकीत त्याच्याकडे बघून कोणीतरी खोकलं. आई माझ्यावर रुसली. दिवा नेलास, एवढंच फोनवर म्हणाली, आणि ॲपकडे तिने पाठ फिरवली. लाखोरी निघाली, मोहफुलं वेचून झाली, आई काही वाचायला बसली नाही. त्या दिवसांत मला खात्री वाटत होती असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी बरोबर आहे हे मला ठाऊक होतं. आई वाचेल की नाही हे ठाऊक नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे फार त्रासदायक असतं.

मग एकदा भर उन्हाळ्यात तिचा फोन आला. आवाज तक्रारीचा होता. आपल्या चहापत्तीच्या पुड्यावर लिहिलं आहे, थंड व कोरड्या जागी ठेवा. आणि मी इतकी वर्षं पुडा चुलीजवळ ठेवते आहे, हे मला कोणी सांगितलं कसं नाही? मी विचारलं, तुला कोणी वाचून दाखवलं? ती म्हणाली, कोण दाखवेल, या वेळी घरात कोण असतं. आणि फोन ठेवला. मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. तिला कशाने पुन्हा बसवलं हे मी विचारलं नाही. मावशीनेच असणार. पुढच्या मंडईला वाचून दाखव, या एका वाक्याने जे केलं ते माझ्या ज्योतीला जमलं नव्हतं, कारण त्या वाक्यात धाक नव्हता, बहीण होती.

पावसाळ्यात धानाची रोवणी सुरू झाली तेव्हा आईचं ॲप उघडणं कमी झालं, आणि पोळ्यापर्यंत थांबलंच. धडे संपले नव्हते, तिची गरज संपली होती. आमच्या धंद्याच्या भाषेत अशा माणसाला गळालेला माणूस म्हणतात. पडद्यावर तो करड्या रंगाचा ठिपका होतो. गळालेल्यांना परत बोलावण्यासाठी एक निरोप पाठवायचाच, हा समीरचा हट्ट होता आणि त्यावर मी फार भांडले नाही. निरोप लिहिलाही मीच. पाच शब्दांचा, लाघवी, वाचणाऱ्याला थोडं अपराधी वाटावं असा. अजूनही मला ते चांगलं जमतं.

परवा आम्ही मामाच्या गावी मंडईला गेलो. यंदा तिथे टॉवर उभा राहिला आहे. दोघी बहिणी खाटेवर बसून शिंगाडे सोलत होत्या, मी खाली पोत्यावर. आईच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. तिने काळी बोटं पदराला पुसली, फोन बाहेर काढला, डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेक शब्द सावकाश, पण न अडखळता, मोठ्याने वाचला.

"आम्ही तुमची वाट पाहत आहोत."

मावशीने सोलायचं थांबवून विचारलं, "कोन पाहून राहिलं वो वाट?"

मी आईकडे बघत होते. आईने तो निरोप मनातल्या मनात आणखी एकदा वाचला. मग फोन पिशवीत टाकून नाडी ओढली.

"कोनाले ठाऊक, बाई," ती म्हणाली. "पाहू दे." आणि तिने पुढचा शिंगाडा उचलला.